तात्यांच्या खिशातला पापुद्रा

आमच्या बिल्डिंगमधले दराडे तात्या कुणाच्याही घरी गेले की आधी बसत नाहीत, पाणी घेत नाहीत, 'काय चाललंय' असंही विचारत नाहीत. उंबऱ्यात उभे राहतात. सदऱ्याच्या खिशातून चुन्याची जुनी डबी काढतात, तिच्यातून कांद्याचा एक कोरडा पापुद्रा चिमटीत धरतात आणि नाकासमोर नेऊन सोडून देतात. मग तो कुठे जातो ते बघत राहतात. पापुद्रा तरंगत मागच्या खिडकीकडे निघाला तर चेहरा खुलतो. सरळ खाली पडला तर मयताला आल्यासारखी मान हलवतात आणि म्हणतात, "वारा अडला की माल सडला."

यातला माल म्हणजे आपण, हे मला कळायला आठवडा लागला.

तात्या मूळचे विंचूरकडचे. चाळीस वर्षं त्यांनी एकच धंदा केला, कांद्याच्या चाळी बांधण्याचा. ज्यांनी कांदा फक्त ताटातच पाहिलाय त्यांच्यासाठी सांगते. उन्हाळ कांदा निघाला की शेतकरी तो सगळाच्या सगळा लगेच विकत नाही, भाव येईपर्यंत चाळीत भरून ठेवतो. चाळ जमिनीपासून उंच, खाली फटी सोडून ठोकलेल्या फळ्या, बाजूंना बांबूच्या पट्ट्या, वर पत्रा. वारा खालून शिरला पाहिजे आणि बाजूनं निघाला पाहिजे. तो अडला की आतला कांदा तापतो, घाम सोडतो आणि वरून सगळं छान दिसत असताना खालचा ढीग सडून जातो. असल्या चाळी बांधता बांधता तात्यांना जगातली प्रत्येक इमारत चाळच दिसायला लागली. आमची गंगापूर रोडची सोसायटी त्यांच्या मते फसलेली चाळ होती.

आमची ओळख झाली ती आमच्या वास्तुशांतीला. हॉलमध्ये होम पेटलेला, खिडक्या घट्ट बंद, कारण वाऱ्यानं होम विझेल असं गुरुजींचं म्हणणं. पाहुण्यांच्या डोळ्यांतून नुसत्या धारा. फोटोत सगळे भक्तीनं रडताहेत असं वाटतं. तेवढ्यात दारात पांढरा सदरा, पायजमा आणि टोपीतले एक गृहस्थ उभे राहिले. त्यांनी पापुद्रा सोडला, तो धुरात दिसलाच नाही. मग त्यांनी थेट गुरुजींनाच विचारलं, "महाराज, ह्यो धूर जायचा कुढून?"

"स्वर्गात," गुरुजी वैतागून म्हणाले.

"सोर्ग वर हे, ते बराबर. पन मधी स्लॅब हे ना."

आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. होम असा भडकला की गुरुजींच्या उपरण्याला ठिणगी लागली आणि माझ्या जावेनं कलशातलं पाणी त्यांच्या अंगावर ओतलं. धूर मात्र दोन मिनिटांत गेला. तात्या प्रसादाची पुडी बांधून घेऊन निघून गेले. जाताना मला म्हणाले, "ताई, घर लय भारी हे. पन हे घर नाक दाबून बसलंय बगा."

मला राग आला. आयुष्याची पुंजी ओतून घेतलेल्या घराला पहिल्याच दिवशी असं कुणी बोलतं का हो? पण खरं सांगायचं तर रागापेक्षा कुतूहल जास्त होतं. चौकशी हा आमच्या घराण्याचा रोग आहे, त्यावर औषध नाही.

त्याच महिन्यात माझी आई देवळाली कॅम्पहून आमच्याकडे राहायला आली. आली म्हणजे मी आणली. बाबा गेल्यावर ती तिथे एकटीच राहायची. मागच्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून पडली ती सकाळी दूधवाला येईपर्यंत तशीच पडून होती. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आईला मात्र यायचंच नव्हतं. "देवळालीची हवा खायला मुंबईची माणसं येतात," ती म्हणाली, "आणि मी ती सोडून तुझ्या काड्यापेटीत येऊन राहू?"

आली, आणि तिसऱ्या आठवड्यात तिला खोकला लागला. साधासुधा नव्हे. कोरडी ढास, सुरू झाली की थांबायचं नाव नाही. दोन डॉक्टर झाले, छातीचा फोटो झाला. फोटोत काही नाही, औषधानं फरक नाही. मग आईनं जाहीर केलं, "दिवाळीपर्यंत बघते. खोकला गेला नाही तर मी चालले माझ्या घरी."

मी धास्तावले. प्रत्येक ढासेबरोबर आई एकेक पाऊल देवळालीकडे सरकतेय असं मला वाटायचं. ती तिथे पुन्हा पडली तर? या वेळी दूधवाला उशिरा आला तर?

सुनील, म्हणजे माझा नवरा, यंत्रांवर श्रद्धा असलेला माणूस. त्यानं हवा शुद्ध करण्याचं एक यंत्र आणलं. पांढरं, गुळगुळीत, वर हिरवा दिवा. हिरवा दिवा म्हणजे हवा शुद्ध. आई त्याच्याशेजारी बसून खोकायची आणि सुनील दिव्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "आई, हवा एकदम चांगली आहे." जणू खोकायला तिनं परवानगीच घ्यायला हवी होती.

तात्या ते यंत्र बघायला आले. त्यांनी जाळीपाशी पापुद्रा धरला, तो टपकन जाळीला चिकटला. "वढतंय चांगलं," ते म्हणाले. मग साहेबांकडे, म्हणजे सुनीलकडे वळून म्हणाले, "साहेब, मशिनीला नाव ठिवत नाय मी. पन ढिगात सडका कांदा तसाच ठिवून वरून पंखा लावल्यावानी हे. आधी सडका काढा, मंग पंखा लावा."

"सडका कुठला?" सुनीलनं विचारलं.

"त्यो हुडकावा लागन."

आणि हुडकण्याचं काम त्यांनी स्वतःच अंगावर घेतलं. रोज सकाळी नऊला यायचे. सोफ्यामागे हात घालायचे, कपाटात हात घालायचे, गादीखाली हात घालायचे. चाळीत ढिगात कोपरापर्यंत हात घालून आत गरम लागतंय का बघतात, तसं. आमच्या घरात कुणी कधी हात घातला नव्हता अशा जागांतून त्यांनी माझ्या मुलीचा हरवलेला कंपास, तीन मोजे आणि एक करंजी काढली. सोफा जुन्या घरातून आलेला, त्यामुळे करंजी कुठल्या दिवाळीची ते आम्ही ठरवू शकलो नाही. पण तासाभरानं घड्याळाकडे बघून ते ताडकन उठायचे. चहा कपात ओतलेला असला तरी, "नको ताई, तास भरला," म्हणून वर निघून जायचे.

पहिला सडका कांदा निघाला माझ्याच स्वयंपाकघरात. ओट्यावर आम्ही हौसेनं चिमणी बसवली होती. तात्यांनी पापुद्रा तिच्याखाली धरला, तो हलेना. त्यांनी वाकून वर बघितलं. "ताई, हिच्या तोंडाला तर प्लास्टिक हे!"

होतं. कंपनीचं प्लास्टिक मी काढलं नव्हतं. नवी वस्तू आहे, तेलकट होईल म्हणून. पाहुणे आले की दिवा तेवढा लावायचे. एवढे दिवस मी त्या चिमणीखाली मिरच्यांच्या फोडण्या देत होते आणि सगळा धूर आईच्या खोलीत जात होता. मी ओशाळले, पण कबूल कशाला करतेय! म्हटलं, "परवाच काढणार होते."

दुसरा सडका कांदा म्हणजे आमचं देवघर, आणि तिथे मात्र युद्ध पेटलं. आईनं देव मांडले होते स्टोअररूममध्ये. खिडकी नाही, झरोका नाही. रोज संध्याकाळी दार लोटून ती निखाऱ्यावर गुग्गुळ टाकायची आणि अर्धा तास जप करत बसायची. तात्यांनी आत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "आक्का, माणसाचं जाऊ द्या. पन हितं देवाला दमा व्हईल."

आईचा चेहरा असा झाला की मी दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले.

"माझ्या देवाची काळजी तुम्हाला नको," ती म्हणाली. "साठ वर्षं गुग्गुळ जाळतेय मी. देवानं कधी तक्रार केली नाही."

"त्यो कसा करन? तुमी दार लावून घेता."

आई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. ते आले की ती पंख्याकडे बघत बसायची. तात्यांना त्याचं काही नव्हतं. ते पंख्यावरची धूळ दाखवून म्हणायचे, "बगताच हे तर मंग पुसायला सांगा."

तिसरा सडका कांदा सगळ्यात मोठा. आईच्या खोलीत लोखंडी कपाट होतं, खिडकीच्या निम्म्या भागावर टेकवलेलं, कारण दुसरीकडे ते मावत नव्हतं. उरलेली निम्मी खिडकी आई डासांसाठी बंद ठेवायची आणि पलंगाखाली कॉइल लावायची. ओले कपडेही तिथेच दोरीवर, कारण बाल्कनीत कबुतरं. तात्यांनी कपाटामागे हात घातला आणि तो तसाच ठेवून डोळे मिटले. "गार लागतंय," ते हळू म्हणाले. "ओल हे." सुनीलनं आणि त्यांनी मिळून कपाट ओढलं. मागची अख्खी भिंत बुरशीनं काळी झाली होती. आईची उशी तिथून हातभर अंतरावर.

मला रडूच आलं. मी आईला देवळालीहून आणली होती ती नीट सांभाळायला, आणि झोपवली होती त्या भिंतीशी.

पुढचे पंधरा दिवस घरात नुसती धावपळ. बाहेरून गळणारा पाइप दुरुस्त केला, भिंत खरवडून, सुकवून रंगवली, कपाट हॉलमध्ये आलं. खिडक्यांना जाळ्या बसल्या, कॉइल गेली, कपडे कबुतरांशी भांडत बाल्कनीत वाळू लागले. चिमणी फोडणीच्या वेळी घरघरायला लागली. देव खिडकीपाशी आले आणि गुग्गुळ फक्त सणावारी. हे शेवटचं कलम आईनं कुणाशीही न बोलता स्वतःच मंजूर केलं. तात्यांनी उंबऱ्यातून पापुद्रा सोडला, तो हॉलमधून गेला, आईच्या दारात जरा घुटमळला आणि खोली ओलांडून खिडकीच्या जाळीला जाऊन टेकला. तात्यांनी टोपी काढून डोकं पुसलं. एवढं खूश झालेलं माणूस मी लग्नमांडवातही पाहिलेलं नाही.

आईचा खोकला हळूहळू उतरला. दसऱ्याच्या सुमाराला ती सलग झोपायला लागली. पण देवळालीचं बोलणं काही थांबेना. "हवा बरी झाली," ती म्हणायची, "पण दिवसभर बोलू कुणाशी? तुम्ही सगळे जाता. हवेशी?" याचा इलाज तात्यांच्या डबीतही नव्हता.

आता दुसरी गोष्ट. आमच्या घरात कोपरापर्यंत हात घालणाऱ्या या माणसाचं स्वतःचं घर बिल्डिंगमधल्या कुणीही बघितलेलं नव्हतं. ते आमच्याच डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहायचे. बेल वाजवली की दार वीतभर उघडायचं, त्यात तात्या मावतील तेवढंच. "बोला," म्हणायचे, आणि बोलून झालं की दार बंद. 'या, बसा' नाही, घोटभर चहा नाही. आणि आतून सतत एक घरघर यायची. दिवसा, रात्री, अखंड. सुनीलचं मत, परदेशी यंत्र असणार, आपल्यापेक्षा मोठं. तळमजल्यावरचे लोक म्हणायचे, बायको असते आत, पण ती कुणात मिसळत नाही, गर्विष्ठ आहे. आईचं म्हणणं, "कांदे भरले असतील. खोलीभर. आणि पंखा लावला असेल." मी दोनदा साखर मागायच्या निमित्तानं जाऊन आले. दोन्ही वेळा साखर मिळाली, दर्शन नाही. कुतूहलानं माझ्या पोटात दुखायचं बाकी होतं.

दिवाळीला आठवडा असताना एका शनिवारी दुपारी लाइट गेली. आम्ही जेवायला बसलो होतो. पंखा थांबला आणि लक्षात आलं, वरची घरघरही थांबलीय. थोड्या वेळानं धडाधड दार वाजलं. तात्या होते. डोक्यावर टोपी नाही, पायात चप्पल नाही. उंबऱ्यात थांबले नाहीत, डबी काढली नाही, सरळ आत आले.

"साहेब, वर चला. इन्व्हर्टर बसला. सिलिंडरची चावी फिरना मला, हाताला जोर नाय ऱ्हायला. चला लवकर."

सुनील खरकट्या हातानं पळाला. मी मागे, माझ्या मागे गुडघे धरून आई.

दार सताड उघडं होतं. आत कांदे नव्हते. काहीच नव्हतं. पडदे नाहीत, सोफा नाही, गालिचा नाही. धूळ बसेल असं काहीही नाही. समोरासमोर दोन उघड्या खिडक्या आणि मधोमध एक पलंग. त्यावर एक हडकुळी बाई उशांना टेकून बसलेली, नाकाला नळी, तोंड उघडं, खांदे वरखाली. शेजारी ऑक्सिजन देणारं ते घरघरणारं यंत्र, मुकं झालेलं. भिंतीशी ऑक्सिजनचा सिलिंडर. सुनीलनं दोन्ही हातांनी चावी दाबून फिरवली. फुस्स झालं. तात्यांनी नळी जोडली आणि बायकोच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. आम्ही सगळे त्या बाईच्या खांद्यांकडे बघत होतो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. हळूहळू खांदे शांत झाले. ओठांना रंग आला.

तिनं डोळे उघडून आधी मला बघितलं, मग आईला. आणि धाप आवरत म्हणाली, "आक्का, तुमीच ना त्या गुग्गुळवाल्या?"

आई थक्क. "तुम्हाला काय माहीत?"

"मला समदं माहीत हे. चिमनीचं प्लास्टिक बी. करंजी बी." आणि ती हसली. हसताना खोकली, पण हसायची थांबली नाही.

म्हणजे तात्या रोज तासभर घरं हिंडून वर जायचे आणि हिला सगळी बिल्डिंग सांगायचे. सिंधूमावशी, म्हणजे तात्यांची बायको, तीन वर्षं त्या पलंगावर होत्या. कुणी अत्तर लावून आलं, पावडर लावून आलं, उदबत्तीचा वास घेऊन आलं, की त्यांना उबळ यायची, म्हणून दार वीतभरच उघडायचं. आणि आम्ही त्यांना गर्विष्ठ ठरवून मोकळे झालो होतो. मला इतकी लाज वाटली की मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"कशानं झालं हो हे?" आईनं विचारलं.

तात्या खाली फरशीवर बसले. "माझ्यानं," ते म्हणाले. "आक्का, तालुक्यात माझ्या हातची चाळ सडली आसं कुनी म्हनायचं नाय. पन माझ्या सोताच्या घरात सैपाकाची खोली बांधली, तिला खिडकी ठिवली नाय. का? तर त्या भिंतीला भांड्याची मांडनी लावायची व्हती. मांडनीसाठी! तीस वरीस हिनं तिथं चूल फुंकली. ही खोकायची, आन् मी वसरीवरून म्हनायचो, मिरची कमी घालीत जा."



"मांडनी मीच मागितली व्हती," सिंधूमावशी म्हणाल्या. "माहेरची पितळी भांडी व्हती. येनाऱ्या-जानाऱ्याला दिसली पायजेत ना." मग आईकडे वळल्या, "रोज ह्येच उगाळत बसत्यात. तुमी तरी सांगा यांना."

लाइट आली. यंत्र पुन्हा घरघरायला लागलं. तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून तात्या उठले आणि सवयीनं खिशातली डबी काढली. मला वाटलं, आता इथेही वारा बघणार. त्यांनी पापुद्रा सोडला नाही. तळहातावर ठेवला आणि हात बायकोच्या तोंडासमोर धरला.

"डॉक्टरनं फुकर मारायला सांगितलीय," ते आम्हाला म्हणाले, जरा लाजून. "दिसातून चार बार. नुसती फुकर मारायचा हिला कंटाळा येतो, म्हनून ह्ये काढलं. घरोघरचं ते नंतर सुचलं."

सिंधूमावशींनी ओठ चंबूसारखे केले आणि फुंकर मारली. पापुद्रा तळहातावर जरा हलला, तिथेच राहिला.

"आज नाय जमायचं," त्या म्हणाल्या. "दमले मी."

आई पलंगाच्या कडेला जाऊन बसली. तिथे बसण्याआधी तिनं मान वळवून पदरानं गळ्यावरची पावडर खसाखसा पुसली. आयुष्यात पावडरीशिवाय तिनं दारसुद्धा उघडलेलं मी पाहिलेलं नाही. मग तिनं दोन्ही हातांनी पदर पसरला, ओटी भरून घेताना धरतात तसा. "हं," ती म्हणाली, "माझ्या ओटीत टाका बघू. कसं जमत नाही ते बघते."

सिंधूमावशींना हसू आलं. त्यांनी डोळे मिटले, सावकाश श्वास घेतला, अगदी सावकाश, आणि फुंकर घातली. पापुद्रा उचलला गेला. तात्यांच्या बोटांवरून गेला, चादरीवरून गेला, मधे क्षणभर थांबल्यासारखा वाटला आणि आईच्या पदरात पडला.

तात्या त्या पापुद्र्याकडे बघत राहिले. "लय लांब गेला," एवढंच म्हणाले, आणि आम्हाला चेहरा दिसू नये म्हणून खिडकी नीट उघडी आहे का ते बघायला गेले.

आईनं पापुद्रा पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. "उद्या नऊला येते," ती म्हणाली. "तुम्ही आमच्याकडे हात घालत बसा, तोवर मी इथे बसते."

दिवाळी झाली. तुळशीचं लग्नही झालं. आईच्या खोलीच्या खिडकीत तिची पावडर अजून तशीच आहे, त्या दिवसापासून झाकण न उघडलेली, आणि देवळालीच्या घराची किल्ली तिनं माझ्याकडे देऊन टाकलीय.